पलीकडचं टोक

फरशीचा विषय निघाला आणि नेमकी लाइट गेली. पंखे थांबले. त्यामुळे तहसील कचेरीच्या त्या लांबोडक्या सभागृहात कोण कसं अंग काढून घेतंय, ते सगळ्यांना स्वच्छ ऐकू यायला लागलं.

"पूल आमचा आहे, नाही म्हणत नाही," बांधकाम खात्याचे उपअभियंता म्हणाले. "पण पूल बंद करायचा म्हणजे वाहतूक थांबवायची. ते पोलिसांचं काम."

"बंदोबस्त मागा, देऊ," फौजदार म्हणाले. "पण पाणी किती चढलंय ते आम्हाला कोण सांगणार? पाणी पाटबंधारेचं."

"पात्रात आहे तोवर आमचं," पाटबंधारेवाले म्हणाले. "फरशीवर चढलं की ते रस्त्यावर आलं. रस्त्यावरचं पाणी आमच्याकडं येत नाही."

आमचे सरपंच बजरंग आप्पा उठले. "ग्रामपंचायतीला शिपाई एक, त्याला मोतीबिंदू. त्याला फरशीवर उभा केला तर पाणी गुडघ्याला लागल्यावरच कळंल."

सगळे हसले. मीही हसले. दरवर्षी पावसाळ्याआधी ही बैठक व्हायची. पूर आला तर कुठलं खातं काय करणार, ते ठरवायचं. फळ्यावर तीन रकाने असायचे. मुख्य जबाबदारी, सहाय्य आणि माहितीसाठी. मधल्या रकान्यात बसायला जत्रेतल्या पाळण्यासारखी झुंबड. पहिला रकाना मात्र आमच्या फरशीपुढं मला आठवतंय तेव्हापासून कोराच राहिलेला. फरशी म्हणजे उंबरमळा आणि सोनगिरवाडी ह्या दोन गावांमधला नदीवरचा बुटका पूल. कठडा नाही, खांब नाहीत. घाटमाथ्यावर पाऊस झाला की दोन तासांत पाण्याखाली जातो. अलीकडचं टोक आमच्या गावात, पलीकडचं दुसऱ्या गावात, दुसऱ्या पोलीस ठाण्यात.

मी उंबरमळ्याची पोलीस पाटील. गावात बरंवाईट झालं की वर कळवायचं, हे माझं काम. सातवीनंतर शाळा सुटली होती. संसार वर आल्यावर बाहेरून दहावी केली, परीक्षा दिली आणि ही जागा मिळवली. त्यामुळे सरकारी बैठकीत मागच्या खुर्चीवर बसायचं आणि सगळं ऐकायचं, एवढं मला जमत होतं.

फळ्यापाशी नवे नायब तहसीलदार उभे होते, कैलास बोडरे. तिशीचे असतील. सगळ्यांचं हसून होईपर्यंत ते थांबले.

"ह्या वर्षी पहिल्या रकान्यात हुद्दा लिहायचा नाही," ते म्हणाले. "माणसाचं नाव लिहायचं."

हसू थांबलं. उपअभियंत्यांनी चष्मा काढला. "नाव? साहेब, माणूस बदलून जातो. हुद्दा राहतो."

"म्हणून तर. उंबरमळ्याचे पोलीस पाटील आलेत का?"

मी उठले. "शालन पिसाळ."

त्यांचा पेनवाला हात फळ्यावर टेकलेला होता, तो तिथंच राहिला. "हिंदुराव पिसाळ आपले कोण?"

"माझे मालक."

"आहेत?"

असं कुणी विचारतं का? "आहेत की," मी म्हटलं. "शेंगा फोडत बसलेत."

पुन्हा हशा झाला. बोडरे साहेब हसले नाहीत. त्यांनी फळ्याकडं तोंड केलं आणि 'फरशी, अलीकडचं टोक' ह्याच्यापुढं पहिल्या रकान्यात माझं नाव लिहिलं. खाली 'पलीकडचं टोक' लिहिलं आणि त्याच्यापुढची जागा मोकळी ठेवली.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "आधी जागा बघा. मग बोलू."

"परवा येतो," ते म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की मला वाटलं, हा माणूस मी असं म्हणायचीच वाट बघत होता.

परतीच्या एसटीत बजरंग आप्पा माझ्या पुढच्या बाकावर बसले आणि मान वळवून बोलत राहिले.

"वैनी, एक विचारू? ह्यानं आपल्या तालुक्यात बदली मागून घेतलीय. मागून! इथं लोक शिक्षा म्हणून येतात."

"कोण म्हणालं?"

"कचेरीतला शिपाईच म्हणाला. आणि हिंदुरावांचं नाव त्याला कसं ठाऊक? जुनं दप्तर उकरलंय त्यानं. बोकडाला आधी हळदच लावतात."

"तुमच्या भाच्याला माझी जागा पाहिजे, आप्पा. हळद कोण वाटतंय ते मलाही दिसतंय."

"घ्या! चांगलं सांगावं तर…" आप्पा हसले. "पण फरशी तुमच्या घराण्यात पिढीजातच म्हणायची. आधी मालक, आता तुम्ही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. आप्पांचा संशय येत होता, साहेबाचा येत होता. आणि तिसरा एक संशय होता, तो घरात शेंगा फोडत बसला होता.

आधी ह्यांचं सांगते. माझ्या आधी, पुष्कळ वर्षांपूर्वी, हेच गावचे पोलीस पाटील होते. आमची धाकटी तेव्हा पाळण्यात होती. नागपंचमीच्या आदल्या दिवशी नदी चढायला लागली. आमच्याकडं फरशी बंद करायची रीत साधी होती. बाभळीची फांदी तोडायची आणि आडवी टाकायची. फांदी आडवी म्हणजे वाट बंद. गुराख्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना कळायचं. बायका माहेरी निरोप धाडायच्या, 'फांदी पडलीय, आता उतार झाल्यावर येते.' त्या सकाळी हे फांद्या टाकायला गेले. त्यानंतर तासाभरात पलीकडून एक मोटरसायकल फरशीवर आली आणि मधोमध येऊन वाहून गेली. तानाजी खबाले नावाचा तरणाताठा माणूस, परगावचा, आमच्या फांदीची रीत न जाणणारा. बहिणीला पंचमीला माहेरी न्यायला निघाला होता. त्याचा भाचा पलीकडच्या काठावर उभा राहून ओरडत होता, एवढं आमच्या लोकांनी इकडून पाहिलं.

ह्यांनी सांगितलं, "दोन्ही टोकांना फांदी टाकली होती. पाणी घोट्याएवढं होतं तोवर पलीकडं जाऊन आलो." सोनगिरवाडीचे म्हणाले, "आम्ही काय बघितलं नाही." बघितलं म्हणाले असते तर पुढचा प्रश्न त्यांनाच आला असता. आणि त्या भाच्यानं जबाब दिला, वाटेत काही नव्हतं. चौकशीत शेवटी आलं, की पलीकडच्या टोकाला अडथळा आढळला नाही आणि कुणाचीही जबाबदारी निश्चित करता येत नाही. कुणाचीही नाही म्हणाले आणि ह्यांची पाटीलकी तेवढी पुढं चालू ठेवली नाही. गावात कुणी तोंडावर बोललं नाही. नुसतं फांदीचा विषय निघाला की लोक खोकायचे.

त्यानंतर ह्यांनी फरशीवर पाय ठेवला नाही. पलीकडच्या गावात ह्यांची सख्खी बहीण दिलेली, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. पण तिच्याकडं जायचं तर थोरल्या पुलावरून वळसा घालून जायचे.

मी काय केलं? मी गप्प राहिले. त्या सकाळी हे घरी आले तेव्हा मी उंबऱ्यात होते. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. पण ती पावसानंही भिजते. पायांतल्या वहाणा मात्र कोरड्या होत्या. ठणठणीत कोरड्या. फरशीवर घोटाभर पाणी आलेलं असताना पलीकडं जाऊन आलेल्या माणसाच्या वहाणा कोरड्या कशा? लेकरू रडत होतं, मी आत वळले. नंतर माणूस मेल्याचं कळलं आणि मग ते विचारायची वेळ कधी आलीच नाही. चोरीचा माल ओळखणं हे पुढं माझं कामच झालं, पण ह्या एका वहाणांच्या जोडीचा पंचनामा मी मनातच ठेवला.

घरी आले, ह्यांना बैठकीचं सांगितलं. शेंगा फोडणारा हात थांबला.

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं. आहेत का, म्हणून विचारलं."

"मग नाहीत म्हणायचं होतंस."

"सही करू?"

"करू नकोस," हे म्हणाले. मग दोन शेंगा फोडून म्हणाले, "कर. तू माझ्यासारखी नाहीस. तुझं लोक ऐकतात."

ठरल्याप्रमाणे बोडरे साहेब आले. जीप चावडीपुढं थांबली तेव्हा ड्रायव्हर कुरकुरत होता. "फरशीवरनं सरळ आलो असतो. साहेबांनी थोरल्या पुलावरनं घ्यायला लावली. डिझेल काय ह्यांच्या घरचं हाय?"

माझ्या मनात नोंद झाली. फरशी कोरडी असताना एवढा वळसा घालणारा दुसरा एकच माणूस मला ठाऊक होता.

मी, आप्पा आणि साहेब चालत नदीवर गेलो. पाणी रोडावलेलं होतं. दोघीजणी धुणं आपटत होत्या. त्यांनी साहेब बघून पदर सारखे केले आणि पुन्हा आपटायला लागल्या. साहेब फरशीच्या तोंडाशी येऊन थांबले.

"चला, पलीकडचं टोक बघून येऊ," मी म्हटलं.

"नको. इथनं दिसतंय."

इथनं काय दिसत होतं? एक बाभळ आणि तिच्याखाली शेळ्या. बैठकीत ज्यानं दोन टोकं वेगळी लिहिली, तो दुसऱ्या टोकाला जायला तयार नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम होता. उन्हाचा असेल म्हणावं तर आप्पा जाडजूड असून कोरडे होते.

"इथं लोखंडी साखळी लावू," साहेब म्हणाले. "कुलूप, फलक आणि माणूस. फांदीनं भागत नाही. फडकं बांधलं तरी नवख्या माणसाला वाटतं, वाऱ्यानं मोडून पडली."

धुण्याचा आवाज चालू होता. मी आप्पांकडं बघितलं.

"आप्पा, साहेबांना फांदीचं तुम्ही सांगितलंत वाटतं?"

"मी कशाला सांगू? वैनी, राग मानू नका, पण मला तर वाटतं ती फांदी हिंदुरावांच्या स्वप्नातच होती."

"दप्तरात वाचलं," साहेब घाईनं म्हणाले.

दप्तरात ते असेल. ह्यांच्या जबाबात बाभळीची फांदी होती. पण फांदीला फडकं बांधल्याचं नव्हतं. फडकं ह्यांनी फक्त मला सांगितलं होतं, कारण ते माझ्या जुन्या परकराचं होतं आणि चावडीत चार माणसांपुढं बायकोच्या परकराचं नाव घ्यायची ह्यांना लाज वाटली. हे असलं कारण फक्त आमच्याच घरात असू शकतं. इकडं माणसाची पाटीलकी चाललीय आणि हे परकराची अब्रू राखतायत.

मी पदरानं तोंड पुसलं. पोलीस पाटलाला एक गोष्ट शिकावी लागते. खोटं पकडायचं असेल तर आधी आपण एक खोटं बोलायचं.

"फडकं पांढरं असायचं, साहेब," मी म्हटलं. "लांबून दिसावं म्हणून."

"पांढरं नाही, लाल…"

आणि ते थांबले. आप्पांना काहीच कळलं नाही, ते पाटीसाठी ग्रामपंचायतीला निधी मिळेल का ते विचारत होते. साहेब माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं. वयाचा हिशेब मी मनातल्या मनात केला. सोपा होता.

"आप्पा," मी म्हटलं, "साखळीसाठी खांब कुठं रोवायचा ते जरा बघून ठेवा. साहेब, तुम्ही घरी चला. चहा घेऊन जा."

"नको, उशीर…"

"चला, म्हणतेय ना मी."

ठाण्यात ओळख परेड असते. रांगेत माणसं उभी करतात आणि साक्षीदाराला आत सोडतात. मी साहेबांना गल्लीतून पुढं घालून नेत होते तेव्हा मला वाटत होतं, ह्यात साक्षीदार कोण आणि रांगेतला कोण? हा माणूस ह्यांना पुन्हा गुंतवायला आला असेल तर मी त्याला स्वतःच घरात घेऊन चालले होते. आणि फांदी पाहिलेला कुणी असेल, तर ती ह्यांनीच टाकलेली होती हे कशावरून? एकदा संशयाची सवय लागली की तो जेवणातही खडा शोधतो.

हे सोप्यात बसले होते, पुढ्यात शेंगांचं सूप. साहेबांना बघून उठायला लागले.

"बसा, बसा," साहेब म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले.

"अहो," मी म्हटलं, "साहेबांना फडक्याचा रंग माहीत आहे."

ह्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं. फोडलेली शेंग हातातच होती, दाणे सुपाबाहेर पडले.

"तानाजी खबाले माझा मामा," साहेब म्हणाले.

बाहेर जीपचा ड्रायव्हर कुणाशी तरी तंबाखूवरून हसत होता.

"मी आजोळी शिकायला होतो. मामा आईला पंचमीला आणायला निघाला, मला म्हणाला चल. मी मागं बसलो होतो. फरशीच्या तोंडाशी फांदी आडवी होती. मामा म्हणाला, पडलीय वाटतं वाऱ्यानं, कर बाजूला. मी उतरलो. ओढली."

"डाव्या बाजूला का उजव्या?" हे एकदम म्हणाले.

"उजव्या. उताराला."

"बरोबर. बुंधा उजवीकडं होता. डावीकडं ओढता आली नसती."

"फांदी सरकली आणि तळव्यात काटा गेला. खोल. मी तिथंच बसून काढायला लागलो. मामा म्हणाला, मी गाडी पलीकडं लावतो, तू ये चालत. पाणी काही फार वाटत नव्हतं. मी काट्याकडं बघत होतो. वर बघितलं तर…"

ते खाली बसले. खुर्ची होती, पण जमिनीवरच बसले.

"जबाब घेताना मला विचारलं, तिथं कोण होतं? मी म्हटलं, कोणी नव्हतं. ते खरं होतं. मग विचारलं, तिथं काय होतं? फांदी होती म्हणालो असतो, तर पुढं विचारलं असतं की कुणी काढली. समोर आजोबा बसले होते. मी म्हटलं, काही नव्हतं."

मी दाराला टेकून उभी होते. चहाचं आधण ठेवायचं होतं, ते राहून गेलं.

"माझं नाव त्या रकान्यात कशाला लिहिलंत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कडक वाटला.

"तुमचं आडनाव ऐकल्यावर हात चालला. तुम्ही भांडाल असं वाटलं. तुम्ही भांडून बोलावल्याशिवाय इथवर यायचं धाडस मला झालं नसतं. ह्या तालुक्यात येऊन चार महिने झाले, दर रविवारी थोरल्या पुलापर्यंत येऊन परत जातो." त्यांनी खिशातून कागद काढला. "मी लिहून आणलंय. वर देणार आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तुम्ही आधी वाचा."

ह्यांनी कागद घेतला नाही. हात पुढं केला आणि म्हणाले, "हात बघू."

साहेबांना कळलं नाही.

"हात, रे. काटा लागला तो."

साहेबांनी उजवा तळवा पुढं केला. ह्यांनी तो उजेडाकडं धरला, अंगठ्यानं दाबून बघितला. नांगर धरणारा काळा हात आणि पेन धरणारा गोरा हात. अंगठ्याच्या मुळाशी एक निळसर ठिपका होता.

"टोक आत मोडलंय."

"हो. थंडीत दुखतं."

"आंधळी बाभळ होती ती. तिचा काटा वाईट." हे तळव्याकडंच बघत होते. "तो लागला नसता तर तूही गाडीवर चढला असतास, लेका."

साहेबांनी तोंड फिरवलं. ह्यांनी त्यांचा हात सोडला नाही. तसाच धरून माझ्याकडं मान वळवली आणि म्हणाले,

"ऐकलंस?"

एवढंच. गावाचं नाव नाही, सरकारचं नाही, सोनगिरवाडीचं नाही. इतकी वर्षं खोकणाऱ्या लोकांपैकी एकालाही ते ऐकवायचं नव्हतं. मी वहाणांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, पण आमच्या घरात न बोललेलं सगळं ह्यांना ऐकू येत होतं असं दिसतंय.

"ऐकलं," मी म्हटलं आणि आत चहा टाकायला गेले. साखरेचा डबा सापडत नव्हता. तो नेहमीच्या जागीच होता.

चहा होईपर्यंत बाहेर दोघं बोलत होते.

"हा कागद वर देऊन काय होणार?" हे म्हणत होते. "ज्यांनी माझा जबाब घेतला ते कधीच घरी बसले. द्यायचा तर दे, मी नको म्हणत नाही. पण आधी चावडीत ये. बजरंग असतो तिथं सकाळी. मला सांगितलंस तसं उभ्यानं सांग."

"सांगतो."

"आणि फडक्याचं सांगू नकोस. नुसती फांदी म्हण."

"लाल होतं, कडेला नेफ्याची शिवण…"

"अरे गप," हे म्हणाले. आतून मला हसू आलं आणि मग हसूच नाही, दुसरंही काही आलं. मी चुलीचा धूर म्हणून डोळे पुसले. घरात गॅस होता.

चहा पिऊन झाल्यावर साहेबांनी बैठकीचा तक्ता काढला. त्यांना आता तो दाखवायचीही चोरी वाटत होती.

"तुमचं नाव खोडतो," ते मला म्हणाले.

"कशाला? आणा इकडं," मी म्हटलं आणि सही केली. "पण पलीकडच्या टोकाचं काय? सोनगिरवाडीचं कोणी पुढं यायचं नाही. फौजदार मधल्या रकान्यात चढून बसलेत, ते उतरायचे नाहीत."

"तिथं माझं नाव लिहा," हे म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडं बघितलं.

"पाणी चढायला लागलं की आदल्या दिवशी बहिणीकडं जाऊन राहीन. तिचं घर टोकालाच आहे. फांदी टाकून माघारी आलो, तिथंच चुकलं. फांदीला विचारलं तर ती काय सांगणार? माणूस थांबायला पाहिजे होता."

"तुम्ही सरकारी माणूस नाही, पिसाळकाका," साहेब चाचरत म्हणाले. "मुख्य जबाबदारीत…"

"तूच म्हणालास ना, हुद्दा नको, नाव पाहिजे? मग लिही. नाव आहे माझ्याकडं. तेवढंच राहिलंय."

साहेबांनी लिहिलं. त्याच्या खाली स्वतःचंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते चावडीत आले आणि उभ्यानं सगळं बोलले. बजरंग आप्पांना त्या दिवशी खोकला आला नाही. "तरी मी म्हणत होतो," एवढं मात्र म्हणाले. पुढं साहेबांची खात्यात चौकशी झाली. लहान वयातला जबाब म्हणून समज देऊन सोडलं. आज ते दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. पंचमीला त्यांचा फोन येतो. त्यांची आई पुन्हा माहेरी जायला लागली, हे त्यांनी मला पहिल्यांदा फोनवरच सांगितलं.

साहेब आमच्याकडं चहा घेऊन गेले त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. हे चुलीच्या जागेपाशी, म्हणजे गॅसच्या ओट्यापाशी, उगीच घुटमळत होते.

"एक विचारू?" मी म्हटलं.

"विचार."

"वहाणा कोरड्या कशा होत्या?"

ह्यांना आठवायला वेळ लागला नाही. त्याचंच मला नवल वाटलं. जणू हा प्रश्न आज ना उद्या येणार, हे ह्यांना ठाऊकच होतं.

"हातात धरल्या होत्या की. नव्या होत्या. तूच आणल्या होत्यास जोतिबावरनं. भिजवल्या असत्या तर तू बोलली असतीस."

माझी भाकरी तव्यावर टाकताना दुमडली.

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठं?"

त्या वर्षी श्रावण लागायच्या आत नदी चढली. मी आमच्या टोकाला साखळी लावली, कुलूप घातलं आणि छत्री धरून उभी राहिले. एक दुधाचा टेम्पो आला, ड्रायव्हरनं हुज्जत घातली. मी त्याला त्याच्या आईची शपथ घालून परत पाठवला. फरशी दिसेनाशी झाली होती, नुसता गढूळ पाण्याचा लोट आणि त्याचा आवाज. पलीकडच्या टोकाला, बाभळीखाली, सरकारनं दिलेलं नारिंगी जाकीट घालून एक माणूस एकटा उभा होता.

मी हात हलवला. त्यांना दिसलं नाही. पुन्हा हलवला. तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. दोन्ही हातांत काहीतरी होतं, एकेका हातात एकेक. एवढ्या लांबून काय आहे ते ओळखू येत नव्हतं.

पण ते वहाणांची ती जोडी मला दाखवत होते, एवढं मला कळलं. आणि अनवाणी उभे असणार.